आधी कंबर, मग पोट

गेले सहा महिने शाळेत माझ्याविषयी तीन बातम्या फिरत आहेत. पहिली, बाईंचा मणका मोडला. दुसरी, बाई पोट कापून घेणार. तिसरी, बाई आता शाळा सोडणार. यातली तिसरी बातमी साफ खोटी आहे, तेव्हा आठवीच्या वर्गाने उगीच आनंद मानू नये! पहिली अर्धी खरी आहे. दुसरी बरीचशी खरी आहे, पण फारच भयंकर शब्दांत सांगितलेली. संपादक मंडळ म्हणालं, "बाई, तुम्हीच लिहा ना." शिवाय चार-पाच पालक मैत्रिणींनी मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलंही आहे. त्यांनाही एकदमच उत्तर मिळेल, म्हणून लिहायला बसले.

आधी गणित. माझी उंची १५६ सेंटिमीटर आणि गेल्या उन्हाळ्यातलं वजन १०८ किलो. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की येतो तो बीएमआय. माझा ४४ च्या वर येतो, मुलांनी करून पाहावं. आपल्याकडे मोठ्या माणसांत २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. (मुलांनो, हे आकडे स्वतःला लावू नका. वाढत्या वयासाठी वेगळे तक्ते असतात.) जोडीला नऊ वर्षांचा मधुमेह आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार. माझ्या घोरण्यावर घरात पुष्कळ विनोद झाले होते, पण एका रात्री यंत्र लावून तपासणी केली तेव्हा कळलं की मधूनमधून माझा श्वास चक्क थांबतो. त्यानंतर विनोद बंद झाले.

"थोडं तोंड आवरलं असतं तर" हे वाक्य मी वयाच्या विसाव्या वर्षापासून ऐकते आहे. दुधीचा रस, एकभुक्त राहणं, मेथीचं पाणी, रविवारच्या पोहे-जिलेबीला रामराम, सगळं झालं. वजन उतरायचं आणि दीडपट होऊन परत यायचं. आता डॉक्टरही सांगतात की यात निव्वळ जिभेचा दोष नसतो. वजन उतरू लागलं की शरीर ते परत मिळवण्याच्या मागे लागतं, भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. म्हणून गेल्या एप्रिलमध्ये शस्त्रक्रियेचं ठरलं. दिवाळीच्या सुट्टीतली तारीखही मिळाली.

आणि ऑगस्टच्या झडीत मी आमच्या क्वार्टरच्या जिन्यावरून घसरले.

फार नाही, तीनच पायऱ्या. पण त्या तिन्ही पायऱ्या मी बसूनच उतरले. पहिल्या दिवशी वाटलं उसण भरली असेल. तिसऱ्या दिवशी कळ कमरेतून डाव्या मांडीत आणि तिथून पोटरीत उतरली, जणू कोणी तापलेली तार ओढत नेत होतं. एमआरआय करायचा म्हटलं तर पहिल्या ठिकाणी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून सांगितलं, "आमच्या यंत्रात मावणार नाही." साध्या यंत्राचं भोक साठ सेंटिमीटरचं असतं, रुंद यंत्राचं सत्तर. ते दहा सेंटिमीटर शोधत आम्ही गावभर हिंडलो. हे तिथल्या माणसाला हळू आवाजातही सांगता आलं असतं, असं मला अजून वाटतं. असो. निदान झालं की कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर आली असून नस दाबते आहे. म्हणजे मणका मोडला नव्हता, फक्त गादी सरकली होती.

मग सुरू झाली खरी गंमत. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, कंबर आपोआप सुधारेल." वजनाचे सर्जन म्हणाले, "आधी कंबर सुधारा, मग मी वजनाचं बघतो." वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत! दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि मी मधल्या बाकावर फायली घेऊन बसले होते. दिवाळीची तारीख अर्थातच रद्द झाली. त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले. ह्यांनी काही न बोलता कुकर लावला.

सर्जननी नकार का दिला, ते मला नंतर नीट समजलं. ते समजायला आधी ऑपरेशन काय आहे ते सांगायला हवं. आपलं जठर वाकड्या पिशवीसारखं असतं. माझ्यावर होणाऱ्या शस्त्रक्रियेत त्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. काढलेल्या भागातच भूक लावणारं एक संप्रेरक बऱ्याच प्रमाणात तयार होतं, त्यामुळे पोट लहान होतंच, शिवाय भूकही मंदावते. हे सगळं दुर्बिणीने, पाच-सहा लहान छिद्रांतून करतात. तेव्हा कलिंगड कापल्यासारखं चित्र कृपया डोळ्यांसमोर आणू नका. हा काही कालचा प्रयोग नाही. जठराला वळसा घालणारी बायपासची पद्धत अमेरिकेत एडवर्ड मेसन या सर्जननी १९६६ च्या सुमारास सुरू केली. आणि आपल्या नागपूरच्या नितीन गडकरींनी सप्टेंबर २०११ मध्ये मुंबईत वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली, ती बातमी तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत होती. माझ्या सासूबाईंचं मन वळवायला वैद्यकातले दहा दाखले उपयोगी पडले नाहीत. सासरे १९५६ साली नव्या राजधानीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेले, त्यामुळे घरात नागपूरचं नाव निघालं की अजूनही काम होतं!

आता नकाराची कारणं. या ऑपरेशननंतर काही तासांतच रोग्याला उठवून चालवतात. वजनदार माणूस पडून राहिला तर पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि तिथून निघालेली गुठळी फुफ्फुसात अडकली तर जिवावर बेतू शकतं. मी तर तेव्हा स्वयंपाकघरापर्यंत जायला भिंत धरत होते. दुसरं कारण मला ठाऊकच नव्हतं, आणि ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया झाली आहे किंवा होणार आहे त्यांनी ते जरूर लक्षात ठेवावं. कंबरदुखीवर आपण सर्रास ज्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेतो, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वगैरे, त्या अशा ऑपरेशननंतर जठराला व्रण पाडू शकतात. बायपासनंतर तर त्या टाळायच्याच असतात, आणि मलाही त्यांपासून लांब राहायला सांगितलं आहे. पॅरासिटामॉल चालतं. पण माझी कंबर तेव्हा रोज दोन डायक्लोफेनॅकवर उभी होती. त्या गोळ्यांवाचून मी उभी राहू शकत नाही तोवर पोटाला हात लावायचा नाही, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं. भरीला नसेच्या दुखण्यावर जी गोळी मिळाली तिने काही जणांचं वजन वाढतं, आणि त्या काही जणांत माझा नंबर पहिला! ऑक्टोबरात काटा १११ वर गेला.

तर आधी कंबर, मग पोट.

फिजिओथेरपीला गेले तर समोर आपल्याच शाळेची माजी विद्यार्थिनी. पाढे चुकल्याबद्दल हिला मी कधीतरी बाकावर उभं केलं असणार, कारण पहिल्याच दिवशी तिने मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि म्हणाली, "बाई, हलायचं नाही." तिने माझ्या डोक्यातली पहिली समजूत काढून टाकली ती आरामाची. सरकलेल्या गादीला महिनाभर फळीवर झोपून राहायचं, हे आमच्या लहानपणचं औषध. आता दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नका म्हणतात. स्नायू झिजतात, कंबर आखडते आणि दुखणं लांबतं. बहुतेकांची नस सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय शांत होते. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर व्यायाम वगैरे बाजूला ठेवून त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं, हेही तिने दोनदा म्हणवून घेतलं. अगदी कवितेसारखं पाठ.

व्यायाम पाहायला गेलं तर हसू येईल इतके साधे. पाठीवर झोपून पोट आत ओढून धरायचं. गुडघे दुमडून कंबर उचलायची. आपल्या योगाच्या तासाला सेतुबंध करतात ना, त्याचाच हा धाकटा भाऊ. आणि चालायचं. पहिल्या दिवशी चार मिनिटं. आमच्या दारापासून पहिल्या कडुलिंबापर्यंत जायचं आणि टेकून परत यायचं.

या चालण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे सहा महिने मला त्यानेच तारलं. शिवाजी नगरात सावली फुकट मिळते हे आम्ही इतकी वर्षं गृहीत धरलं होतं. २०१६ मध्ये स्मार्ट सिटी आमच्या डोक्यावर येणार होती, लोकांनी विरोध केला आणि ती टीटी नगरकडे गेली. पुन्हा जून २०२४ मध्ये आमदार-मंत्र्यांच्या नव्या घरांसाठी शिवाजी नगर आणि तुलसी नगरातली सुमारे २९ हजार झाडं जाणार अशी योजना पुढे आली. वस्तीतल्या बायका झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या आणि त्याच महिन्यात सरकारने ती योजना सोडली. मीही तेव्हा एका जांभळीला मिठी मारली होती. माझ्या मिठीत ती जेमतेम मावली, का तिच्या मिठीत मी, यावर शेजारच्या भाभीजींनी बरेच विनोद केले. गेल्या सप्टेंबरात त्याच जांभळीला मी टेकत होते, दर दोन मिनिटांनी, धापा टाकत, कंबरपट्टा आवळून. रोज एक झाड पुढे. कडुलिंब, जांभूळ, मग वळणावरचा गुलमोहर. फिजिओवालीला मिनिटं सांगायची असत, पण मी मनात झाडंच मोजत असे. दिवाळीत सगळे फराळाला बसले होते तेव्हा मी तेराव्या झाडाशी होते. डिसेंबर उजाडेपर्यंत सहा नंबर मार्केटला जाऊन भाजी न घेता परत येऊ लागले. (वजन उचलायला बंदी होती. त्यामुळे भाजी ह्यांनीच आणायची, ही पद्धत आता घरात कायम झाली आहे.) आज मी पस्तीस मिनिटं चालते. डायक्लोफेनॅकची शेवटची गोळी २६ नोव्हेंबरला घेतली. नसेची गोळीही डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली. काटा १०४ वर आला आहे.

या काळात वजनाच्या ऑपरेशनची तयारीही चालूच होती, किंबहुना दोन्ही तयाऱ्या एकमेकींत अशा मिसळल्या की कोणता व्यायाम कशासाठी ते सांगता येईनासं झालं. रक्ततपासण्या, सोनोग्राफी, हृदयाची तपासणी, नळी घालून जठर पाहणं. ड जीवनसत्त्व तर इतकं कमी निघालं की भोपाळच्या उन्हात राहून हे कसं जमवलंत, असं डॉक्टरांनी विचारलं. श्वासाचं ते तीन चेंडूंचं खेळणं दिलं आहे. ते फुंकायचं नसतं, नळीतून हवा ओढून चेंडू वर धरायचे असतात. आमच्या चिरंजीवांचे तिन्ही चेंडू पहिल्या झटक्यात वर. मला दोन चेंडूंसाठी तीन आठवडे लागले.

आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता दलिया आणि पनीरने भरलेला होता. मी त्याचं मराठी भाषांतर केलं. मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, अंडं, ताक. सासूबाईंचा ठाम विश्वास की वाटीभर वरणात सगळं असतं. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. ऑपरेशननंतर रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं लागतात आणि वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम मिळतात. म्हणजे नऊ-दहा वाट्या वरण, आणि पोट केळ्याएवढं! त्या विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी अंडी उकडलेली होती, वेगळ्या भांड्यात. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं शिजलं याहून मोठी बातमी आमच्या घरात बऱ्याच वर्षांत झाली नव्हती.

सगळ्यात अवघड गेली ती मानसोपचारतज्ज्ञांची भेट. मला वाटलं होतं, वेडबिड नाही ना एवढंच पाहतील. त्यांनी विचारलं, "जेवण सोडून तुम्हाला आनंद कशात मिळतो?" मी सांगायला लागले, गणपतीतला महाप्रसाद, हळदीकुंकवाची डाळ-पन्हं, कोजागिरीचं दूध... आणि थांबले. माझ्या आनंदाच्या यादीत प्रत्येक गोष्टीला ताट होतं. परगावी राहिलेल्या आपल्या समाजाने मराठीपण पुष्कळसं जेवणातच जपलं आहे, हे खोटं नाही. आम्ही हिंदीत भांडतो, बाजारहाट हिंदीत करतो, पण पुरणपोळी मात्र मराठीत करतो! पाच मिनिटांनी मी उत्तर दिलं, "वर्गात कविता शिकवताना मागच्या बाकावरचा मुलगा खिडकीबाहेर बघायचं सोडून माझ्याकडे बघतो, तेव्हा." त्यांनी ते लिहून घेतलं.

शाळेबद्दल सांगायचं तर मला कोणापुढे हात पसरावे लागले नाहीत. विश्वस्त मंडळाने माझे सगळे तास तळमजल्यावर आणले आणि हातांची भक्कम खुर्ची दिली. लिहिलेल्या वह्या मुलं वर्गातून टेबलापर्यंत स्वतः आणून ठेवतात. मला हे सवलतीसारखं न वाटावं म्हणून शिपाईमामांनी खुर्चीला "मुख्य अतिथी" अशी जुनी पाटी बांधली, ती अजून तशीच आहे.

पण एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्याजवळ आली. कोणत्या वर्गातली ते सांगणार नाही. तिला वर्गात काय काय नावं ठेवतात ते मी ऐकलेलं आहे. ती म्हणाली, "बाई, मलापण करावं लागेल का?" मी लगेच नाही म्हटलं. ही शस्त्रक्रिया मुख्यतः मोठ्या माणसांसाठी असते, आपल्याकडे विम्याचे नियमही अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरचेच आहेत. तिच्या वयाच्या मुलांत अगदी विरळा प्रसंगी आणि मोठ्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली विचार होतो. हे सगळं मी तिला सांगितलं. पण तिला हे विचारावंसं वाटलं, ते वर्गातल्या त्या नावांमुळेच. माझा एमआरआय दहा सेंटिमीटरसाठी अडला तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते आणि सोबत हे होते, तरी घशाशी आलं. ती बारा-तेरा वर्षांची आहे. आता मधल्या सुट्टीत ती माझ्याबरोबर मैदानाला दोन फेऱ्या मारते. आम्ही वजनाबद्दल बोलत नाही. तिला पक्ष्यांची फार माहिती आहे.

पालक विचारतात, आता इंजेक्शनं निघाली आहेत, मग ऑपरेशन कशाला? विचार मीही केला. भूक कमी करणारी ही आठवड्याची इंजेक्शनं, तिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड, वजनासाठी म्हणून आपल्याकडे २०२५ मध्ये बाजारात आली. पुष्कळांना उपयोग होतो. पण थांबवली की बऱ्याच जणांचं वजन परत चढतं, आणि वर्षानुवर्षं घ्यायची तर खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. माझ्या बीएमआयला आणि मधुमेहाला शस्त्रक्रियाच जास्त टिकाऊ ठरेल, असं डॉक्टरांचं मत पडलं. दुसऱ्याचं उत्तर वेगळं असू शकतं. विम्यात ४० च्या वरच्या बीएमआयला, किंवा गंभीर जोडविकार असतील तर ३५ च्या वर, अटींसह सोय असते. पण पॉलिसीचा कागद आधी भिंग घेऊन वाचावा.

भीती वाटते का? वाटते. टाके गळू शकतात, रक्तस्राव होऊ शकतो. चांगल्या ठिकाणी मृत्यूचं प्रमाण हजारी एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी धरतात, पण तो एक कोण हे आधी कळत नाही. जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आहेत, जेवताना पाणी प्यायचं नाही, आणि खबरदारी घेतली नाही तर वजन थोडंफार परतही येतं. कंबर पूर्ण बरी होईल असंही कोणी लिहून दिलेलं नाही. तरी जिन्यावर पडले त्या दिवशीची मी आणि आजची मी यांत एवढा फरक आहे की आता कोणत्या स्नायूच्या जोरावर उठायचं हे मला माहीत आहे.

नवी तारीख मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली आहे. त्याआधी दोन आठवडे फक्त पातळ आहार, म्हणजे यकृत आकसतं आणि सर्जनना जठरापर्यंत पोचायला जागा मिळते. तेव्हा एप्रिलच्या शेवटी मी वर्गात चिडले तर ते यकृतावर घालावं. ऐन हंगामात आमरस नाही, याचं दुःख मी कोणाजवळ बोलून दाखवलेलं नाही, इथे लिहून टाकते.

भेटायला येणाऱ्यांनी मिठाई, फळं, डबा काहीही आणू नये. पुस्तक चालेल. माझ्या रजेत मराठीचे तास कोण घेणार ते मुख्याध्यापक सूचना फलकावर लावतीलच. आठवीच्या निबंधाच्या वह्या मात्र सुट्टीआधी माझ्या टेबलावर हव्यात, सगळ्याच्या सगळ्या. गादी सरकल्याचं कारण यंदा फक्त मला चालणार आहे.